विमानाच्या पत्र्याचं लॉकेट : वितळवू नका, कापा

बेळगावजवळच्या मुतग्याहून एक बाई आल्या. पिशवीतनं वर्तमानपत्राची घडी काढली आणि माझ्या काउंटरवर हळूच उलगडली. आत तळहातापेक्षा थोडा लांब पत्रा होता. एका कडेनं सात भोकं, पट्टी लावून मारल्यासारखी सरळ. सहा रिकामी, सातव्यात रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायची धातूची खिळ, अजून बसलेला. पत्रा उलटा केला तर आतल्या बाजूला पुसट शाईत छापलेली इंग्रजी अक्षरं दिसली. भिंगाखाली धरल्यावर लागली : 'अल्क्लॅड २४ एस-टी'.

"मामा, बाबांचा हाय हा. डाकोटा विमानाचा. बाबा एअरफोर्समधी फिटर होते. रिटायर झाल्यावर लिलावातल्या भंगारातनं घेतलेला. देवाच्या फळीवर ठेवायचे. आता ते नाहीत. आम्ही तिघी बहिणी, आणि पत्रा एकच. तिघींच्या गळ्यात येईल असं काय तरी करून द्या बघा. वितळवून तीन केलं तरी चालंल."

वितळवायचं नाही, हे मी त्यांना तिथंच सांगितलं. का, ते आधी सांगतो, कारण हा मजकूर वाचणारे निम्मे लोक माझ्यासारखेच सोनार असणार, आणि सोनाराचा हात पहिल्यांदा मुशीकडंच जातो.

माझं दुकान बेळगावच्या शहापुरात. वडिलांपासून चांदीचं काम. काही वर्षांपूर्वी निपाणीकडच्या एका माजी सैनिकानं विमानाच्या पत्र्याचा तुकडा आणला होता. अंगठी करून द्या म्हणाले. मी चांदीच्या सवयीनं तो मुशीत घातला, रस केला, साच्यात ओतला, घासून चकचकीत केला आणि अंगठीत बसवून दिला. त्यांनी अंगठी हातात घेतली, दोनदा फिरवून बघितली आणि शांतपणे म्हणाले, "हे पातेल्याचं पण असू शकतं की." मजुरी घ्यायचं माझं धाडस झालं नाही. त्यांचा तुकडा परत देण्यासारखा राहिला नव्हता. ते आजही मला लागतं. विमानाच्या पत्र्यात मौल्यवान काय असेल तर त्यावरची भोकं, ओरखडे, शाई, रंग आणि रिव्हेटच्या डोक्याखाली राहिलेली चकाकती गोल खूण. धातूला स्वतःला भंगाराचाच भाव. रस केला की राहतो तो भाव, बाकी सगळं जातं.

म्हणून या कामाचा नियम एकच धरा : विमानाच्या तुकड्याला आग दाखवायची नाही. जी काय आग लावायची ती चांदीला, आणि तीही तुकडा जवळ नसताना.

आधी तुकडा खरा आहे का बघा

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ पासून आपल्या हवाई दलात असलेलं विमान. अशा वेळी लोकांना आठवण हवी असते, आणि जिथं हवं असणारे येतात तिथं विकणारेही येतात. कुठलाही अल्युमिनियमचा तुकडा 'मिगचा' म्हणून खपवता येतो. नुसतं बघून सांगणं अवघड असतं, कारण रशियन विमानांचा डी-१६ पत्रा आणि अमेरिकन २०२४ पत्रा ही जवळजवळ सख्खी भावंडं. दोन्हींत चार-साडेचार टक्के तांबं, बरोबर थोडं मॅग्नेशियम आणि मँगेनीज.

मी फसलो तो व्हॅम्पायरच्या बाबतीत. एका भंगारवाल्यानं मला 'व्हॅम्पायर जेटच्या कॉकपिटच्या बाजूचा पत्रा' म्हणून बऱ्यापैकी मोठा तुकडा दिला. आपल्या हवाई दलाचं पहिलं जेट, म्हणून मी खुशीत घेतला. नंतर एका जुन्या फिटरकाकांना दाखवला. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "व्हॅम्पायरचा पुढचा भाग लाकडाचा असतो. दोन बाजूंना प्लायवूड, मधी बाल्सा. पत्रा आणला कुठनं?" ते खरंच होतं. म्हणून विमानाचं नाव सांगितलं की आधी ते विमान कशाचं बनलेलं होतं ते शोधा. टायगर मॉथ म्हणजे मुख्यतः नळ्यांचा आणि लाकडाचा सांगाडा आणि त्यावर कापड. त्याच्या पंखाचा पत्रा कुणी विकत असेल तर पैसे खिशातच राहू द्या. डाकोटा मात्र अख्खं धातूचं. हंटर, मिग, आपल्या बेंगळूरला डॉ. वि. मा. घाटगे यांच्या हाताखाली तयार झालेलं आणि १९५१ मध्ये उडालेलं एचटी-२, हीसुद्धा धातूचीच.

कागद मागा. लिलावाची पावती, तिची झेरॉक्स, सेवेतल्या माणसाच्या हातचं पत्र, विमानाशेजारी उभं राहून काढलेला फोटो, काहीही चालेल पण काही तरी हवं. मुतग्याच्या बाईंकडं लिलावाच्या पावतीची पिवळी पडलेली प्रत होती आणि वडिलांच्या वहीत तारखेसकट नोंद होती. काहीच नसेल तर काम करू नका असं मी म्हणत नाही, पण मग त्या दागिन्यावर विमानाचं नाव कोरू नका.

आणि पडलेल्या विमानाचा तुकडा रानात, डोंगरात सापडला तर तो उचलायचा नाही. तो अपघाताचा पुरावा असतो, आणि तिथं कुणाचा तरी जीव गेलेला असू शकतो. पोलिसांना कळवायचं आणि लांब राहायचं. अशा तुकड्याचं लॉकेट माझ्या दुकानात होत नाही, कितीही पैसे दिले तरी.

दुकानात काय आणायचं नाही

पत्रा तसा गरीब, पण विमानाचे बाकीचे भाग गरीब नसतात. हा भाग घाईनं वाचू नका.

जुनी घड्याळं आणि मीटर, ज्यांच्या काट्यांवर पिवळट-हिरवट रंग असतो : त्यात रेडियम असू शकतं. अंधारात आता चमकत नाही म्हणजे संपलं असं समजू नका. चमकणारी पूड मरते, रेडियम मरत नाही, ते निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. काच उघडायची नाही, काटा काढायचा नाही, घासायचं तर मुळीच नाही.

चाकाच्या, गिअरबॉक्सच्या झाकणाच्या ओतीव वस्तू पत्र्यापेक्षाही हलक्या लागल्या तर मॅग्नेशियमचा संशय घ्या. कोपऱ्यात कानशीनं जराशी जागा उघडी करा आणि व्हिनेगरचा एक थेंब सोडा. लगेच बुडबुडे फुटायला लागले तर मॅग्नेशियम. ते बाजूला ठेवा. त्याचा भुसा पेटला की विझत नाही, पाणी मारलं तर आणखी भडकतो. काही जेट इंजिनांच्या मॅग्नेशियममध्ये थोरियमही मिसळलेलं असायचं.

सोनेरी झाक असलेले पोलादी बोल्ट दिसायला सुंदर असतात. त्यावर बहुतेक वेळा कॅडमियमचा मुलामा असतो. त्यावर बर्नर मारलात तर विषारी धूर छातीत जातो. अंगावर घालायच्या वस्तूत तो बोल्ट नकोच.

पत्र्याच्या आतल्या बाजूचा हिरवट-पिवळा रंग हा झिंक क्रोमेट. गंज धरू नये म्हणून लावलेला. त्याची धूळ कॅन्सरला निमंत्रण. लोकांना नेमका तोच रंग हवा असतो, आणि मला ते समजतं, कारण विमानाच्या पोटातला खरा रंग तोच. असा तुकडा असेल तर तो रंग घासायचा नाही, उघडा अंगाला लागू द्यायचा नाही. मी तो घड्याळाच्या काचेखाली बंद करतो. घड्याळ दुरुस्तीवाल्याकडं गोल काचा मिळतात, तुकडा त्या मापाचा कापायचा. तोही ओला ठेवून, म्हणजे धूळ उडत नाही. निघालेला ओला चिखल कागदात पुसून पिशवीत बंद.

शेवटची गोष्ट ग्राइंडरची. ज्या चाकावर लोखंड घासता त्यावर अल्युमिनियम घासू नका. मऊ धातू चाकाच्या दाण्यांत भरतो, चाक तापतं, फुटू शकतं. शिवाय लोखंडाचा गंज आणि अल्युमिनियमची बारीक पूड एकत्र आली की तीच रेल्वेचे रूळ जोडायची दारू होते. ठिणगीची गरज तेवढी. हाताची कानस घ्या. विमानाचा तुकडा तसाही हातानंच करावा.

पत्र्याची ओळख

घरचं पातेलं जवळजवळ शुद्ध अल्युमिनियमचं असतं, वाकवलं की वाकतं. विमानाचा पत्रा वेगळा. १९०६ च्या सुमारास आल्फ्रेड विल्म नावाच्या जर्मन माणसानं अल्युमिनियममध्ये चार टक्क्यांच्या आसपास तांबं आणि चिमूटभर मॅग्नेशियम घातलं, तापवून पाण्यात बुडवलं. काही दिवसांनी बघितलं तर तो तुकडा नुसता पडल्या पडल्या कडक झालेला. त्यालाच पुढं ड्युरॅल्युमिन म्हणू लागले. फिटरकाका सांगायचे, काही रिव्हेट ते फ्रिजमध्ये ठेवायचे. बाहेर ठेवले तर तासाभरात कडक होऊन ठोकता येत नसत. थंडीत ते मऊ राहतात. हे ऐकल्यापासून मला त्या धातूबद्दल वेगळंच वाटतं.

पण तांबं घातलं की कडकपणा येतो तसा गंजही लवकर येतो. म्हणून कडक पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध अल्युमिनियमचं पांघरूण लाटून चढवतात. शाईत छापलेल्या 'अल्क्लॅड' या शब्दाचा अर्थ तोच. मुतग्याचा पत्रा व्हर्निअरनं मोजला तर ०.८ मिलिमीटर भरला. उद्यमबागेतल्या कारखान्यांतल्या टर्नरच्या भाषेत बत्तीस थाऊ, म्हणजे इंचाचे बत्तीस हजारांश. असल्या पातळ पत्र्यात एका बाजूचं पांघरूण जाडीच्या पाच टक्के, म्हणजे ०.०४ मिमी. केसापेक्षाही पातळ. पॉलिश पेपर घेऊन चकचकीत करायला बसलात तर दहा मिनिटांत ते पांघरूण संपतं आणि खालचा तांब्याचा धातू उघडा पडतो. मग दोन पावसाळ्यांत डाग. म्हणून मी समोरचा भाग घासतच नाही. रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशनं धुतो, सुकवतो, बस. चिंचेचं पाणी, सोडा, ॲसिड, चांदीला जे जे चालतं ते इथं चालत नाही. धुण्याचा सोडा तर अल्युमिनियम खातो.

चांदीवाल्यांसाठी आणखी एक सांगून ठेवतो. अल्युमिनियम तापलं तरी लाल होत नाही. चांदी रंग बदलून सांगते, हा सांगत नाही, एकदम बसतो. चांदीचा डाक (जोड द्यायचा मिश्रधातू) वितळायच्या आतच हा पत्रा गेलेला असतो. डाक लावून जोड द्यायचा विचारच सोडा. फारच वाकवायची वेळ आली, कफलिंकसाठी वगैरे, तर पत्र्यावर साबणाची रेघ ओढून मागनं मंद आच द्यावी आणि रेघ काळी पडली की थांबावं, म्हणजे पत्रा मऊ पडतो. पण त्यात शाई जाते, रंग जातो, विल्मनं कमावलेला कडकपणाही जातो. मला ते पटत नाही. विमानाच्या अंगालाच जो बाक असतो तो शोधून तिथलाच तुकडा कापणं बरं.

कुठं कापायचं

या कामातला सगळ्यात जास्त वेळ मी इथं घालवतो, आणि घालवलाच पाहिजे. एकदा कापलं की परत नाही.

ट्रेसिंग पेपर पत्र्यावर ठेवा. भोकं, ओरखडे, अक्षरं, सगळं पेन्सिलनं उतरवा. मग कार्डबोर्डमध्ये लॉकेटच्या मापाचं गोल छिद्र पाडा आणि ती खिडकी पत्र्यावर सरकवत फिरा. खिडकीत काय येतं ते बघा. मुतग्याच्या पत्र्यावर दोन भोकांमधलं अंतर १९ मिमी होतं. २८ मिमीच्या चकतीत शेजारशेजारची दोन भोकं बरोबर बसत होती, कडेला तीन मिमी पत्रा राहून. पहिलं-दुसरं एका चकतीत, तिसरं-चौथं दुसरीत, पाचवं-सहावं तिसरीत. तिघी बहिणी, तीन जोड्या. रिव्हेटवालं सातवं भोक उरलं.

भोकाभोवती बघा. रिव्हेटचं डोकं जिथं बसलेलं होतं तिथं सहा-सात मिमीचं गोल वर्तुळ असतं, आजूबाजूच्या पत्र्यापेक्षा उजळ. इतकी वर्षं तेवढ्या जागेला ऊन लागलं नाही, वारा लागला नाही. मी ते वर्तुळ बाईंना भिंगाखाली दाखवलं. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "बाबांचं बोट इथंनं फिरलं असंल की." फिरलं असणारच. फिटरचं कामच ते, रिव्हेटवरनं बोट फिरवून सैल आहे का बघायचं.

तुकड्यात रिव्हेट असेल आणि तो काढायचाच असेल तर ठोकून काढू नका, पत्रा वाकतो. बऱ्याच रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध बारीक खळगा असतो. तो धातू ओळखण्याची खूण म्हणून ठेवलेला, पण ड्रिल टेकायलाही तीच जागा. डोक्यापुरतं भोक पाडा, डोकं अलगद सुटतं.

कापणं आणि कानस

दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. गोल त्या टेपवर आखा. करवतीला चांदीसाठी लावता त्यापेक्षा भरड पातं लावा, मी २ नंबरचं लावतो. बारीक दातांत हा धातू चिकटून बसतो. पात्याला मेण. मेणबत्ती चालते, मधाच्या पोळ्याचं मेण असेल तर उत्तम. दाबायचं नाही, करवतीला तिच्या वजनानं जाऊ द्यायचं. रेघेच्या बाहेरनं अर्धा मिमी सोडून कापा.

कानशीला आधी खडू घासा. शाळेतला पांढरा खडू. नाही तर अल्युमिनियमचे कण दातांत अडकतात आणि पत्र्यावर खोल चरे ओढतात. भोक पाडायची वेळ आलीच तर ड्रिलच्या टोकाला रॉकेलचा थेंब.

कड गोल झाली की ६०० नंबरच्या पेपरनं फक्त कड मऊ करा, तोंडावर पेपर नेऊ नका. जुन्या भोकांच्या कडांना तर कानस, पेपर, काहीही लावू नका. त्या विमान बांधणाऱ्यानं पाडलेल्या आहेत.

ही चकती तराजूत टाका. दीड ग्रॅमसुद्धा भरत नाही. तेवढीच चांदी पाच ग्रॅमच्या वर गेली असती. गिऱ्हाइकाच्या हातात नुसती चकती एकदा द्याच. एवढ्या हलक्या पत्र्यावर माणसं डोंगर ओलांडून गेली, हे हातात घेतल्यावर जेवढं समजतं तेवढं सांगून समजत नाही. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर पहिल्या शीख पलटणीला उतरवलं ते डाकोटांनीच.

चांदीचं घर

आता आपलं नेहमीचं काम. मागचा पत्रा ०.५ मिमी, ९२५ चांदीचा. कोंदणाची पट्टी शुद्ध चांदीची, ०.४ मिमी जाड, २ मिमी उंच. शुद्धच घ्या, कारण ती नंतर थंडच वळवायची आहे. लांबी काढायची तर चकतीचा व्यास अधिक पट्टीची जाडी, गुणिले ३.१४. २८ च्या चकतीला ८९ मिमी येतात, मी ९० घेतो. चकती घरात किंचित सैल बसायला हवी, ओढून नाही.

पट्टीचा जोड, मग मागचा पत्रा, मग वरची कडी, सगळं सवागी (टाकणखार) लावून डाक देऊन पूर्ण करा. तुरटीच्या पाण्यात उकळून काढा, घासा, पॉलिश करा. मागं जे काय कोरायचं ते आत्ताच कोरा. नाव, विमान, वर्ष सगळं चांदीवर. अल्युमिनियमवर आपलं काही लिहायचं नाही. त्यावर लिहायचा हक्क आपल्याला नाही, असं मला वाटतं. कडी आधी लावायला विसरलात तर नंतर आग दाखवता येणार नाही, हे ध्यानात ठेवा. माझ्या हातनं एकदा विसरलं आणि अख्खं कोंदण उघडून परत करावं लागलं.

चांदी आणि अल्युमिनियम एकमेकाला लागून राहिले आणि मधी घाम गेला की अल्युमिनियम झिजायला लागतं. छोटी बॅटरीच होते ती. बेळगावचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे, जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, तिथं गळ्यातल्या लॉकेटचं काय. म्हणून चकतीला सगळीकडनं, भोकांच्या आतल्या कडेलासुद्धा, पातळ लॅकरचे दोन हात द्या. पितळी समईला देतात तसलं बिनरंगाचं. एक हात पूर्ण वाळला की मगच दुसरा. घराच्या तळाला पारदर्शक प्लास्टिक फिल्मची गोल चकती कापून टाका, वर आपली चकती. भोकांतनं मागची चांदी चमकताना दिसते, ते फार छान दिसतं.

आता कोंदण बंद करायचं. चकतीवर टेप ठेवा, हत्यार घसरलं तर मऊ पांघरुणावर चरा पडतो आणि तो निघत नाही. वर, खाली, डावीकडं, उजवीकडं अशी आधी चार ठिकाणी पट्टी आत दाबा, मग मधल्या जागा. एका बाजूनं सुरू करून गोल फिरत गेलात तर शेवटी पट्टी गोळा होते. सगळी बसली की ओपणीनं, म्हणजे दाबून चकाकी आणायच्या गुळगुळीत हत्यारानं, कड ओपा. टेप काढा. कानाशी धरून हलवा. आवाज आला तर परत ओपा.

एका लॉकेटला पाच-सहा ग्रॅम चांदी आणि माझा एक दिवस जातो. बिलावर चांदीचं वजन वेगळं लिहा, मजुरी वेगळी. विमानाच्या पत्र्याचे पैसे तो गिऱ्हाइकाचाच असेल तर लावू नका.

बरोबर द्यायचा कागद

डबीत एक चिठ्ठी घाला. कुठल्या विमानाचा, तुकडा कुणाकडनं आला, कसला कागद बघितला, कधी केला. जेवढं खरं माहीत तेवढंच. 'युद्धात लढलेलं' वगैरे आपल्या मनानं लिहू नका. मला बऱ्याच जणांनी विचारलं की डाकोटा बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावरनं गोव्यात गेलं होतं असं लिहा. १८ डिसेंबर १९६१ ला गोव्यासाठी सांबऱ्यावरनं उडाली ती हंटर विमानं. आपल्या गावाची ही आठवण आहे, ती जपायची तर बरोबर जपूया. तुमच्या तुकड्याचं विमान तिथं होतं याचा पुरावा असेल तरच लिहा.

चिठ्ठीच्या मागं वापरायचं कसं ते लिहा : अंघोळीला काढून ठेवणे, अत्तर लावून झाल्यावर घालणे, सुक्या मऊ कापडानं पुसणे. चांदीचं पॉलिश मारायचं नाही. लॅकर दोन-तीन वर्षांनी विरतं, दुकानात आणून द्या, परत लावून देतो.

मुतग्याच्या बाई दिवाळीआधी न्यायला आल्या. तिन्ही डब्या उघडून ओळीनं मांडल्या, एक स्वतःची, एक निपाणीच्या बहिणीची, एक पुण्याच्या. मागं वडिलांचं नाव आणि खाली फक्त 'डाकोटा'. त्यांनी लॉकेटं भोकांच्या रेषेत लावून बघितली, जशी पत्र्यावर होती तशी. मग विचारलं, "मामा, उरलेलं?"

आम्ही सोनार लोक भुसा टाकत नाही, सवयच ती. करवतीखाली निघालेला सगळा भुसा मी कागदाच्या पुडीत ठेवला होता. पुडी दिली. आणि सातव्या भोकाचा तुकडा, कडा घासून, रिव्हेट होता तसाच ठेवून, शाईतली अक्षरं शाबूत. तो त्यांनी आईसाठी वेगळा रुमालात बांधला.